सोलापुरातल्या छोट्या युनिटने सरकारी ऑर्डर कशी मिळवायची?

टॉवेल, चादर, बेडशीट, युनिफॉर्म, यातलं सरकारला लागत नाही असं काय आहे सांगा. हॉस्पिटलला बेडशीट लागतात, रेल्वेला टॉवेल लागतात, शाळांना गणवेश लागतात आणि हे सगळं आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बनतं. तरी आपल्यातले बरेच जण व्यापाऱ्याला माल देऊन मोकळे होतात, टेंडर म्हटलं की "ते मोठ्यांचं काम" म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. माल बनवता येतो त्याला टेंडरही भरता येतं, फक्त आधी कागद, मग रेट, ही शिस्त पाहिजे.

सुरुवात उद्यमपासून

उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी वेबसाइटवर फुकट होते, आधार, पॅन आणि जीएसटी लागू असेल तर जीएसटी नंबर पुरतो, त्यामुळे कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्यात, मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटीपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक कारखाने यातच बसतात. एक गोष्ट नीट बघा, नोंदणीत तुमचं काम उत्पादन म्हणून लागलंय की ट्रेडिंग म्हणून. टेंडरमधल्या सवलती ट्रेडरला मिळत नाहीत, आणि लूम घरचे असून चुकीचा कोड पडला म्हणून सवलत जाणं यासारखं वाईट काही नाही. अडलं तर होटगी रोडला जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा.

टेंडर कुठं शोधायचं

केंद्र सरकारची खरेदी मुख्यतः जेम पोर्टलवर होते, राज्य सरकारच्या खात्यांची, महापालिकेची, झेडपीची टेंडरं महाटेंडर्सवर येतात आणि रेल्वेचं स्वतःचं आयआरईपीएस पोर्टल आहे. महाटेंडर्सला क्लास ३ डिजिटल सिग्नेचर (यूएसबी टोकनवर मिळणारी ऑनलाइन सही) लागतं, ते आधीच काढून ठेवा, मुदतीच्या आदल्या दिवशी यूएसबी टोकन लॅपटॉपला लागत नाही म्हणून धावपळ नको. जेमवर आधी तुमचा माल कॅटलॉगला चढवा, साइज, जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), फोटो सगळं खरं टाका.

कागद वाचणं हेच खरं काम

टेंडर डाऊनलोड केलं की पहिल्यांदा रेट बघू नका, अटी बघा. जेमच्या बिडमध्ये वरच एक ओळ असते, सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीतून सूट आहे का, तिथं "हो" असेल तर नवीन युनिटनेही भरायला हरकत नाही, "नाही" असेल आणि मागितलेली उलाढाल तुमच्याकडे नसेल तर सोडून द्या, उगाच वेळ जातो. मग मालाचं वर्णन: जीएसएम किती, रंग पक्का असल्याचा लॅब रिपोर्ट मागितलाय का, सॅम्पल कधी द्यायचं. मग माल कुठं पोचवायचा ती यादी, कारण एकच ऑर्डर दहा गावांत वाटून द्यायची असेल तर भाडंच नफा खाऊन टाकतं. शुद्धीपत्रक, म्हणजे टेंडरमधल्या बदलाची सूचना, निघालंय का ते शेवटच्या दिवसापर्यंत बघत राहा.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांचा आणि ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांचा. टेंडर फॉर्म फुकट आणि ईएमडी, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत रक्कम, माफ. शिवाय सगळ्यात कमी रेट मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या रेटला यायची तयारी दाखवून ऑर्डरचा काही भाग तुम्हाला मिळू शकतो. हा हक्क आहे, उपकार नाही. राज्याच्या आणि महापालिकेच्या टेंडरला नियम वेगळे, तिथं निविदेत काय लिहिलंय तेच धरा.

रेट काढताना

इथं माणसं बुडतात. जेमवरचा रेट जीएसटी, पॅकिंग, पोच सगळं धरून असतो. समजा १०,००० टॉवेल ८० रुपयांनी, म्हणजे ८ लाख. पैसे तीन महिने अडकले आणि सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज वर्षाला १२ टक्के, तर २४ हजार गेले, टॉवेलमागे २ रुपये ४० पैसे. हे कुणी धरत नाही आणि मग "सरकारी कामात परवडत नाही" म्हणतात. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त १० टक्के दंड, तोही लक्षात ठेवा, सुताचा भाव वाढला तरी तुमचा रेट तोच राहतो. पहिली ऑर्डर छोटीच घ्या, दोन पाळ्यांत आरामात निघेल एवढी.

महाटेंडर्सवर रेट भरायची बीओक्यूची (मालाची यादी आणि रेटच्या तक्त्याची) एक्सेल फाइल डाऊनलोड केलेल्या नावानेच अपलोड करायची, नाव बदलू नका. आणि टेक्निकल पाकिटात चुकूनही रेट टाकू नका, बाद होतं.

माल दिल्यावर

डिलिव्हरी चलनावर (माल पोचल्याच्या पावतीवर) सही-शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका. जेमवर माल पोचल्यावर १० दिवसांत स्वीकृतीचं प्रमाणपत्र निघायला पाहिजे आणि त्यानंतर १० दिवसांत पेमेंट, नाही निघालं तर फोनवर न बोलता पोर्टलवर आणि ईमेलने लिहून मागा, म्हणजे पुरावा राहतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यात पेमेंटची मुदत ४५ दिवसांच्या पुढं जाऊ शकत नाही, गेली तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सूक्ष्म-लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन दावा करता येतो. त्यासाठी पुरवठा आदेश, बिल, सही केलेलं चलन आणि उद्यम सर्टिफिकेट एका फाइलला लावून ठेवा, आणि उद्यमची तारीख ऑर्डरच्या आधीची असू द्या.