फवारणी पंपाचा चार्जर बदलताना

पाठीवरच्या बॅटरी पंपाचा चार्जर जळाला की पिन बसते म्हणून घरातला वायफायचा नाहीतर लॅपटॉपचा अडॅप्टर लावला जातो. बॅटरी इथेच मरते. आधी बॅटरी बाहेर काढून तिच्यावर काय छापलंय ते वाचा.

बहुतेक पंपांत १२ व्होल्ट, ८ किंवा १२ अँपिअर-अवरची (म्हणजे वीज साठवायची क्षमता) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. १२ व्होल्ट हे तिचं नुसतं नाव. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास पडून राहिली तरी १२.७ च्या वरच दाखवते आणि भरताना तिला १४.४ ते १४.७ व्होल्ट लागतात. वायफायचा १२ व्होल्टचा अडॅप्टर रात्रभर लावला तरी ती अर्धवटच भरते. रोज अशी राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि बॅटरी कमजोर होते. लॅपटॉपचे १९ व्होल्ट तर आतलं पाणी उकळवतात, कवच फुगतं.

अँपिअरचंही बघा. ८ च्या बॅटरीला १.७ अँपिअरचा चार्जर ठीक, रिकामी बॅटरी सहा-सात तासांत भरते. ५ अँपिअरचा लावू नका.

बॅटरी लिथियमची असेल तर चार्जर लिथियमचाच हवा. तीन सेलच्या लिथियम-आयन पॅकची मर्यादा १२.६ व्होल्ट. त्याला लेड-ॲसिडचा चार्जर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथे तडजोड नकोच.

नवा चार्जर पंपाला लावण्याआधी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर प्लस-मायनस उलटं आहे. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टेज दाखवत नाहीत, तिथे लेबलवरची प्लस-मायनसची खूण बघा. पिन बाहेरून ५.५ मिमी असली तरी आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं, सैल बसली तर ठिणगी उडते, प्लास्टिक वितळतं.

लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट हवं, गावाकडच्या कमी दाबाला तेच टिकतं. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेखालचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येतो.

चार्जर बारदानावर ठेवू नका, फरशीवर ठेवा. दहा तासांनीही दिवा हिरवा होत नसेल, बॅटरी गरम लागत असेल आणि काढून ठेवल्यावर १०.५ च्या आसपास दाखवत असेल, तर तिचा एक सेल गेलाय. चार्जर बदलून उपयोग नाही, बॅटरी बदला.