डिस्टोपिया लिहिताय? आधी टाकीतलं पाणी मोजा

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. दर रविवारी इथल्या ग्रंथालयात दहा-बारा पोरं-पोरी वह्या घेऊन येतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची, निवृत्तीनंतर या पोरांचं लिखाण वाचते. बहुतेकांना एकच लिहायचं असतं, डिस्टोपिया: भविष्यातलं जुलमी राज्य, सोळा वर्षांची नायिका आणि शेवटी बंड. विषय मला मनापासून आवडतो. पण त्याच त्या चुका खोडून माझं लाल पेन झिजलं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जग उभं राहायच्या आधीच बंड सुरू करणं.

दोन वर्षांपूर्वी बारावीतल्या एका मुलीनं कादंबरी आणली. साल २०७०. सरकार पाणी अंगठ्यावर देतं. मशीनवर अंगठा लागला तर नळ सुटतो, नाही लागला तर त्या दिवशी घर कोरडं. कल्पना ऐकताच मी सरसावून बसले, कारण रेशनच्या दुकानात हे आम्ही पाहतोच. निंदण करून, कापूस वेचून बायांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन त्यांना ओळखत नाही. पोरीनं ते नेमकं टिपलं होतं. पुढे चौदाव्या प्रकरणात सरकार शिक्षा म्हणून धरणाची लाईन नऊ दिवस बंद करतं. पंधराव्यात नायिका रात्री टाकीवर चढते, व्हॉल्व्ह फोडते, गावभर धो धो पाणी वाहतं आणि बंड पेटतं.

ते प्रकरण आम्ही व्हरांड्यात मोठ्यानं वाचलं. ग्रामपंचायतीचे नळ सोडणारे काका तिथेच पेपर वाचत बसले होते. वाचन संपल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “काय वं माय, नऊ दिवस लाईन बंद होती म्हन्तं, मंग टाकीत पानी आलं कोठून?”

मुलीचा चेहरा उतरला. दोन महिन्यांची मेहनत त्या एका प्रश्नापुढे टिकेना. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तिच्या गोष्टीतलं गाव बाराशे लोकांचं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे गावाला ६६,००० लिटर. तिनं टाकी लिहिली होती ५०,००० लिटरची. गच्च भरलेली टाकीसुद्धा एक दिवस पुरत नाही, तर नवव्या रात्री तिच्यातून पूर कसा येणार?

मी तिला काकांसोबत धाडलं. चार दिवस ती पहाटे त्यांच्यामागे फिरली. व्हॉल्व्ह फोडायची गरजच नसते, तो चावीनं फिरतो आणि ती चावी काकांच्या घरी खुंटीला टांगलेली असते, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. टाकीजवळच्या ओळीत धार जोरात येते, शेवटच्या वस्तीत करंगळीएवढी. मधल्या घरांनी नळाला टिल्लू पंप लावलेत. तो सुरू झाला की पुढच्यांचं पाणी ओढलं जातं. शेवटच्या दिवशी घरी परतताना तिच्या लक्षात आलं की असा एक पंप तिच्या स्वतःच्या मोरीतही आहे.

तिथून कादंबरी नव्यानं सुरू झाली. आता नायिकेचा बाप टिल्लू पंप बसवून देणारा मिस्त्री आहे. अंगठ्याचं मशीन आहेच, पण त्याला चुकवायचे रस्ते गावानंच शोधलेत आणि प्रत्येक रस्ता शेवटच्या वस्तीच्या तोंडचं पाणी पळवतो. हा खर्डा वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी एक मंगळवार लिहायला लावते. सण नाही, लढाई नाही, नायिकाही नाही. तुमच्या जगातला कोणताही साधा मंगळवार, उठल्यापासून निजेपर्यंत, दहा पानं. पाणी कुठून आलं? चूल कशावर पेटली? डब्यात काय होतं? लाईट किती तास होती, वावरात कोण गेलं, आजारी म्हातारीला दवाखान्यात कशावर नेलं? पोरं कुरकुरतात, “मॅडम, ॲक्शन कधी?” मी ऐकत नाही. ज्याला दहा पानांचा मंगळवार लिहायचा कंटाळा येतो, त्याला तीनशे पानांची कादंबरी झेपत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

दुसरी चूकही मोठीच आहे: सरकार दुष्ट, कारण ते दुष्ट. काळा कोट घातलेला एक सर्वोच्च नेता असतो, त्याला लोकांना छळायला आवडतं, संपलं. पण छळायलाही खर्च येतो. तो कोण करतो आणि बदल्यात त्याला काय मिळतं? इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलनं १८६८ साली ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयीच्या सरकारी धोरणावर तुटून पडताना ‘डिस्टोपिया’ या शब्दाचं एक रूप वापरलं. राज्यकारभारावरच्या वादात वापरला गेलेला हा शब्द आहे, तो वापरताना कारभार दाखवायला नको?

आपल्या कपाशीकडेच बघा. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी जाणार, फवारणी कमी होणार, असं सांगितलं गेलं आणि सुरुवातीला बरंचसं तसं झालंही. मग अळी त्या बियाण्याला सरावली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. या साखळीत बियाणं बनवणारा आहे, विकणारा आहे, उधारीवर औषध देणारा आहे, आणि ढगाळ हवेत घाईनं फवारणीचा पंप पाठीवर घेणारा आपलाच माणूस आहे. काळा कोट कोणाच्याच अंगावर नाही.

बंडाचंही असंच. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं तणनाशकरोधी कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. तेव्हाच्या कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. ते स्वातंत्र्यासाठी लढत होते, की स्वतःला नव्या बियाण्याशी बांधून घेत होते? आमच्या व्हरांड्यात यावर दोन रविवार भांडण झालं आणि दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांच्या घरी कपाशीच होती. तुमच्या बंडखोराबद्दल वाचकांत असं भांडण झालं पाहिजे.

माझी सवय सांगते. वहीचं पान मी मधोमध दुमडते. डाव्या बाजूला कादंबरीतला जुलमी नियम, उजवीकडे त्या नियमामुळे ज्यांचं थोडं थोडं भलं होतं त्या पाच माणसांची नावं. त्या पाचांत नायिकेच्या जवळचं एक तरी नाव हवंच. ते सापडलं नाही तर नियम बदला.

विज्ञानाबद्दल मी शिक्षिका म्हणून जरा कडक आहे. एका मुलानं खारं पाणी क्षणात गोड करणारं यंत्र लिहिलं. मी विचारलं, क्षार गेले कुठे? आपल्या आरओच्या मशीनमधूनही एका बाजूनं गोड पाणी निघतं आणि दुसऱ्या बाजूनं आधीपेक्षा जास्त खारं. ते कोणाच्या वावरात सोडलं, यावर त्याची अख्खी कादंबरी उभी राहिली असती. तो मात्र पुढच्या ओळीत लेझर बंदूक काढून मोकळा. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पाणी आटलं, क्षार वाढले, क्षारात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि रंग पालटला. विज्ञानकथेत बदल घडतो तो असा, पायरीपायरीनं. ‘मग एक व्हायरस आला’ एवढ्यानं भागत नाही.

आता छोट्या चुका.

साल ३००० घेऊ नका. आजचा वाचक जेव्हा आजोबा होईल ते साल घ्या, म्हणजे भीती त्याला लागू पडते.

माणसांना झेड-४२ अशी नावं देऊ नका. आधी नाव द्या, मग ते हिरावून घ्या.

पहिल्या प्रकरणात इतिहासाचा धडा नको.

दोन पोट्टे आणि एक पोट्टी यांचं प्रेमप्रकरण शेवटच्या वाचनात कापा. बहुतेक वेळा एकाला काढलं तरी गोष्टीला काही होत नाही.

तिसऱ्या पानावर आई-बाप मारू नका. ही चूक मला खरोखर खुपते. सोळाव्या वर्षी खरी लढाई घरातच असते आणि तुम्ही तीच पुसून टाकता. आमच्याकडे पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे. तेवढ्या एका गाडीवर कितीतरी जणींचं कॉलेज उभं आहे. उद्या सकाळची फेरी बंद झाली तर बाप काय म्हणेल, आई काय म्हणेल, लग्नाची बोलणी किती दिवसांत सुरू होतील? ना घुमट, ना ड्रोन, एक फेरी रद्द, एवढ्यावर डिस्टोपिया सुरू होतो.

मोबाईलमधल्या एआयला सांगून प्रकरण लिहून घेणं हा हल्लीचा आजार आहे. पहिल्या पानावरच ओळखू येतं: काचेचा घुमट, बारा विभाग, निवडीचा सोहळा. कोणालाही मागा, तेच मिळतं. खारपाणपट्ट्यातल्या पोरीच्या जिभेवर जी चव आहे ती तिथे मिळत नाही. मी असं पान न वाचता परत देते, त्यावर कोणी रुसलं तर रुसू द्या.

भाषेचंही सांगते. खलनायक शुद्ध बोलतो आणि गावचे लोक हसवण्यापुरतं वऱ्हाडी बोलतात, हे मला सहन होत नाही. ‘मले पानी पायजे’ हे वाक्य तुमच्या कादंबरीतलं सगळ्यात गंभीर वाक्य असू शकतं. नायिकेला शपथ घ्यायला लावायची असेल तर तिच्या आजीच्या बोलीत लावा.

वीस पानं झाली की “मॅडम, प्रकाशक कोण?” असं विचारू नका, आणि एक भाग पुरा व्हायच्या आत तीन भागांची घोषणाही करू नका.

त्या मुलीचा तिसरा खर्डा सध्या चालू आहे. चौदावं प्रकरण तिनं परवा काकांना वाचून दाखवलं. यावेळी लाईन नऊ दिवस बंद होते तेव्हा लोक रात्री खाऱ्या विहिरीवर जातात आणि पहिली रांग टिल्लू पंपवाल्यांची असते. काकांनी सगळं ऐकलं, थोडा वेळ गप्प राहिले, आणि विहिरीला दोर किती हात लागतो ते विचारलं. तिला सांगता आलं नाही. या रविवारी ती मोजून येणार आहे.