पन्नास मीटरवरचे छिद्र आणि माझी स्वस्त स्कोप

५० मीटर प्रोन (पालथे पडून नेम धरायच्या) रायफलच्या सरावात कागदी लक्ष्याच्या काळ्या वर्तुळात पडलेले जेमतेम ५.६ मिलिमीटरचे छिद्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी २० ते ६० पट वर्धनाची, ६० मिलिमीटर भिंगाची एक स्वस्त स्पॉटिंग स्कोप (लक्ष्यावरची छिद्रे पाहायची दुर्बीण) घेतली. ६० पटीला चित्र मोठे होई खरे, पण ते अंधूक आणि थरथरते. दुपारच्या उन्हात हवेच्या लहरी उठल्या की गोळी नऊ गुणांच्या वर्तुळात आहे की दहाच्या, हेच कळेना. दोष भिंगाचाच असे मी धरून चाललो होतो. हिशेब मात्र साधा निघाला: भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, म्हणजे २० पटीला ३ मिलिमीटर आणि ६० पटीला अवघा १; झोत जितका अरुंद, तितके चित्र अंधूक. तेव्हापासून मी २५ पटीच्या पुढे जात नाही. सोबत आलेला वीतभर तिपाया (तो खेळणेच होता) बाजूला ठेवून जड बुडाचा लोखंडी स्टँड करून घेतला, त्यामुळे थरथर थांबली. सरळ नळीमुळे मात्र दर वेळी गाल रायफलवरून उचलावा लागे. अखेर ती स्कोप विकून त्याच मापाची, ४५ अंशांत वळलेल्या नेत्रिकेची (डोळा लावायच्या भागाची) दुसरी घेतली आणि नेत्रिका डाव्या डोळ्याजवळ येईल अशी बसवली.