मोठ्या नक्षीचे आफ्रिकी कापड बेतताना

अंकारा किंवा वॅक्स प्रिंट या नावाने ओळखले जाणारे आफ्रिकी छापाचे सुती कापड घरच्या पायमशीनवर शिवणे अवघड नाही. खरी कसोटी लागते ती बेतताना. नवे कापड बहुधा खळीमुळे कडक असते, म्हणून ते आधी थंड पाण्यातून काढून सावलीतच वाळवावे, कारण वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात गडद रंग विटायला वेळ लागत नाही. मग जमिनीवर चादर अंथरून त्यावर कापड पसरावे आणि कात्री हातात घेण्यापूर्वी नक्षी नीट न्याहाळावी. मोठे वर्तुळ किंवा पक्षी छातीच्या एकाच बाजूला आला, तर शिलाई कितीही सरळ असली तरी ड्रेस वाकडा दिसतो. त्यामुळे नक्षीचा मध्य पुढच्या भागाच्या मध्यरेषेवर घ्यावा, पक्ष्यांची डोकी सर्व तुकड्यांत वरच राहतील हे पाहावे आणि त्यासाठी अर्धा मीटर कापड जास्त धरावे. अस्सल वॅक्स प्रिंटचा छाप दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच उमटतो. दोन्ही बाह्या चुकून एकाच हाताच्या कापल्या गेल्या, तरी एक उलटवून लावता येते, जी सोय साध्या छापील कापडात नसते. गळ्याला मात्र एकरंगी सुती पट्टीच लावावी.