नात्यातल्या प्रथिनावरून बाइंडिंग पॉकेट बांधताना या चुका टाळा

होमॉलॉजी मॉडेलिंगमध्ये, म्हणजे नात्यातल्या प्रथिनाच्या माहीत असलेल्या रचनेवरून आपल्या प्रथिनाची रचना बांधताना, हेलिक्स (साखळीचे पिळदार भाग) बहुतेक वेळा जागेवर बसतात. घोटाळा होतो तो पॉकेटमध्ये, म्हणजे जिथे औषध बसायचं तिथेच.

कॅफिन ज्याला अडवतं तो ॲडेनोसिनचा ए-टू-ए रिसेप्टर (पेशीपटलातलं संदेश टिपणारं प्रथिन) घ्या. २००८ मध्ये त्याची रचना जाहीर होण्याआधी २९ गटांनी तिच्या अंदाजाची २०६ मॉडेलं पाठवली. आदल्याच वर्षी आलेली बीटा-टू ॲड्रेनर्जिक रिसेप्टरची रचना टेम्प्लेट, म्हणजे नमुना म्हणून हाताशी होती. तरीही बहुतेकांचा लिगँड (पॉकेटमध्ये बसणारा रेणू) चुकला. खऱ्या रचनेत तो पेशीपटलाला लंब, उभा निघाला.

पहिली चूक म्हणजे संपूर्ण साखळीच्या साम्याचा टक्का बघून निर्धास्त होणं. बीटा-टूमध्ये ॲस्पार्टेट ११३ (साखळीतलं ११३ व्या क्रमांकाचं अमिनो आम्ल) औषधाच्या अमाइनला धरून ठेवतं. ए-टू-एमध्ये त्याच जागी व्हॅलिन ८४ आहे, म्हणजे धरायला हातच नाही! तिथे टेम्प्लेटमधली पोझ (लिगँडची बसण्याची ठेवण) उचलून काय उपयोग? त्यापेक्षा टेम्प्लेटच्या लिगँडपासून ५ ॲंगस्ट्रॉमच्या (अणूंमधलं अंतर मोजायचं एकक) आत येणाऱ्या अमिनो आम्लांची यादी करा आणि प्रत्येकासमोर आपल्या प्रथिनातलं लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण माझ्या मते याहून मोलाचं दुसरं काही नाही.

सर्वांत महागात पडते ती पेशीबाहेरच्या दुसऱ्या लूपची (हेलिक्सना जोडणाऱ्या वळशाची) अलाइनमेंट, म्हणजे दोन प्रथिनांची अमिनो आम्लं समोरासमोर मांडणं. हा लूप दोन्ही प्रथिनांत अगदी वेगळा आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर गॅप (मोकळी जागा) कुठेही टाकतं. इथे खुंटी आहे सिस्टीनची: बीटा-टूचं १९१, ए-टू-एचं १६६. ही दोन समोरासमोर आणली की दोन घरं पुढे फेनिलअलॅनिन १९३ समोर आपोआप फेनिलअलॅनिन १६८ येतं, आणि लिगँडचं कडं याच १६८ वर टेकतं. एक घर जरी सरकलं तरी तिथे ल्युसिन १६७ किंवा ग्लुटामेट १६९ येऊन बसतं आणि डॉकिंगचे (लिगँड संगणकावर पॉकेटमध्ये बसवून बघण्याचे) आकडे निरर्थक होतात. ओळखायचं कसं? सिस्टीन १६६ आणि ७७ यांच्या गंधकांमध्ये बंध असतो; त्यांच्यातलं अंतर मोजा. ते २ ॲंगस्ट्रॉमच्या आसपास हवं. ६-७ आलं तर एनर्जी मिनिमायझेशनने (ऊर्जा कमी होईल असे अणू सरकवून) ओढून जुळवू नका, अलाइनमेंटकडे परत जा.

बीटा-टूच्या त्या टेम्प्लेट रचनेच्या फाइलमध्ये अमिनो आम्लांचे क्रमांक मधेच १००२ वर उडी मारतात. तो स्फटिकीकरणासाठी जोडलेला टी-फोर लायसोझाइम, म्हणजे वेगळंच प्रथिन आहे. मी एकदा तो न काढताच मॉडेल चालवलं होतं, तेव्हा पाचव्या-सहाव्या हेलिक्सची पार वाट लागली होती.

टेम्प्लेटची अवस्थाही बघा. त्यात कॅराझोलॉल हे रिसेप्टर बंद ठेवणारं औषध आहे, म्हणजे रिसेप्टर निष्क्रिय स्थितीत आहे. त्यावरच्या मॉडेलमध्ये ॲगोनिस्ट (रिसेप्टर चालू करणारा रेणू) डॉक करू नका.

पाणी आणि आयन सरसकट पुसण्याची सवयही सोडा. ए-टू-एच्या २०१२ च्या १.८ ॲंगस्ट्रॉमच्या रचनेत ॲस्पार्टेट ५२ पाशी सोडियम आयन आणि त्याभोवती पाण्याचे रेणू स्पष्ट दिसतात.