तापणारा आणि गळणारा ट्रकचा गिअरबॉक्स घरच्या आवारात दुरुस्त करताना

घोडबंदर रस्त्यावरील गायमुखचा चढ किंवा मुंब्रा बायपास भरल्या गाडीने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत पार केल्यावर केबिनची जमीन पायाला चटके देऊ लागली, गंधकासारखा उग्र वास आला आणि गाडी उभी केल्यावर खाली तेलाचे थेंब दिसले, तर बहुतेक मालक थेट नवे ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) बसवून घेतात. काही आठवड्यांनी तेच सील पुन्हा गळू लागते, कारण अशा वेळी गळती हा अनेकदा मूळ दोष नसून उष्णतेचा आणि आत कोंडलेल्या दाबाचा परिणाम असतो. म्हणून सीलला हात लावण्यापूर्वी गिअरबॉक्स का तापतो, हे शोधणे आवश्यक आहे. येथे दिलेली पद्धत हाताने गिअर बदलायच्या छोट्या व मध्यम ट्रकसाठी आहे.

अशा बहुतेक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप नसतो. खालचा लेअर शाफ्ट (मुख्य शाफ्टला समांतर असलेला, इंजिनने फिरणारा दातेरी दांडा) फिरताना त्याचे दाते तेल वर उडवतात आणि त्याच तेलाने बेअरिंगे भिजतात व थंड राहतात. तेल कमी असेल तर ते वरपर्यंत पोहोचत नाही. प्रमाणाबाहेर भरले असेल तर घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेस ना वंगण देतो ना उष्णता वाहून नेतो. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतार उतरण्याची सवय याच कारणाने घातक आहे, कारण त्या अवस्थेत मागची चाके मुख्य शाफ्ट फिरवत राहतात, पण लेअर शाफ्ट थांबलेला असल्याने तेल उडतच नाही. बंद पडलेली गाडी मागची चाके जमिनीवर ठेवून ओढून नेतानाही हेच घडते, म्हणून तेव्हा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची गती मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) सोडवून ठेवावा. वाहतूक कोंडीत क्लचवर पाय ठेवून राहिल्यास क्लच घसरून तापतो आणि ती उष्णता बेल हाउसिंगमधून (इंजिन व गिअरबॉक्स यांमधील, क्लच झाकणारे कवच) मागे येते.

आता ब्रीदरविषयी. माझ्या मते हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला असलेल्या या लहानशा टोपीतून किंवा नळीतून तापलेली, प्रसरण पावलेली हवा बाहेर पडते. तळोजा, भिवंडी किंवा उरणच्या रस्त्यांवरील धूळ आणि वंगण मिळून तिथे घट्ट थर बसतो. मग आतला दाब वाट शोधतो आणि ती वाट सीलच्या ओठातूनच मिळते. पावसाळ्यात याची उलट बाजू दिसते. तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलजवळचे पाणी आत ओढले जाते. ब्रीदर काढून डिझेलने धुवावा, हवा मारून मोकळा करावा, आणि त्याला नळी जोडण्याची सोय असेल तर तिचे टोक चॅसीवर उंच बांधावे.

कामासाठी सपाट, पक्की जमीन हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, विशेषतः खाली तळघर असलेल्या इमारतीत, ट्रक जॅकवर घेऊ नये. मोकळा प्लॉट किंवा गोदामाचे आवार बरे. चारही बाजूंनी चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी उचलावी लागल्यास चॅसी भक्कम स्टँडवर टेकवावी, केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. प्रॉपेलर शाफ्ट काढताच गाडी गिअरमध्ये ठेवूनही अडत नाही, आणि काही ट्रकांत हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागे त्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे तोही निकामी होतो. ठोकळ्यांची खरी गरज तेव्हा कळते.

गळती कुठून आहे हे पाहण्यासाठी गिअरबॉक्स बाहेरून डिझेलने स्वच्छ धुऊन कोरडा करावा, त्यावर खडूची पूड हलकेच भुरभुरावी, थोडी गाडी चालवावी आणि मग रात्रभर खाली पुठ्ठा अंथरावा. वाऱ्याने तेल मागे पसरत असल्यामुळे सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हीच खरी मानावी. मागच्या फ्लँजभोवती (प्रॉपेलर शाफ्ट जोडायची गोल चकती) तेल असेल तर मागचे सील, वरच्या झाकणाच्या कडेला असेल तर गॅस्केट, प्लगखाली असेल तर वॉशर. बेल हाउसिंगच्या खालच्या छिद्रातून तेल ठिबकत असेल तर ते काळे इंजिन ऑइल आहे की उग्र वासाचे गिअर ऑइल, हे बोटावर घेऊन पाहावे. पहिले असल्यास दोष इंजिनच्या मागच्या सीलचा; दुसरे असल्यास गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ते काम गॅरेजच्या जॅकशिवाय करू नये.

तेल कोमट असताना काढावे, चटका बसेल इतके गरम असताना नव्हे. प्रथम वरचा फिलर प्लग उघडावा आणि तो निघाल्यावरच खालचा ड्रेन प्लग सोडावा. उलट केल्यास आणि फिलर प्लग गंजून अडकलेला निघाल्यास रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसण्याची वेळ येते. घमेल्यात उतरलेले तेल नीट पाहावे. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले आहे. जळका वास आणि काळपटपणा म्हणजे तेल तापून मोडले आहे. प्लगच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर असणे सामान्य आहे, पण बोटाला टोचणारे पोलादी कण किंवा दात्याचा तुकडा आढळल्यास घरचे काम तिथेच थांबवावे.

मागचे सील बदलण्यासाठी आधी प्रॉपेलर शाफ्ट आणि फ्लँज यांवर रंगाची एक आडवी खूण करावी, म्हणजे जोडताना तोल बिघडत नाही. बोल्ट काढून शाफ्ट तारेने चॅसीला बांधावा. तो लोंबकळता ठेवल्यास मधला आधार खराब होतो. यानंतर फ्लँज हाताने वर-खाली हलवून पाहावी. स्पष्ट खेळ (सैलपणा) जाणवला तर मागचे बेअरिंग झिजले आहे आणि नवे सील फार दिवस टिकणार नाही, हे पक्के समजावे. खेळ नसेल तर नट काढून फ्लँज पुलरने ओढावी. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नखाला लागेल अशी चर पडली असेल, तर फ्लँज बदलणेच योग्य. जुने सील उचकटताना ते बसते त्या खोबणीच्या आतल्या भिंतीवर ओरखडा येऊ देऊ नये. नव्या सीलच्या ओठाला थोडे ग्रीस लावून, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या पाइपने चहूकडून सारखे ठोकत बसवावे. ठोकून अडकवलेला नट पुन्हा न वापरता नवा घ्यावा व कंपनीच्या पुस्तिकेतील टॉर्कनुसार आवळावा. बाहेरून सीलंट थापून सीलची गळती थांबत नाही.

तेलाची निवड दुकानदारावर सोपवू नये. ८०डब्ल्यू-९० हा आकडा केवळ घट्टपणा सांगतो. जीएल-४ की जीएल-५, म्हणजे दाबरोधक रसायनांनुसार ठरणारा तेलाचा दर्जा, हे वेगळे पाहावे लागते. जीएल-५ तेलातील जादा दाबरोधक रसायने काही गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खातात, म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर तेच भरावे. गाडी पूर्ण सपाट ठेवून हातपंपाने, बहुतेक गिअरबॉक्समध्ये फिलरच्या छिद्राच्या खालच्या कडेला तेल लागेपर्यंत भरावे, आणि दोन्ही प्लगना नवे वॉशर घालावेत. आत पाणी शिरले होते असे दिसले असेल तर थोडे चालवून तेल पुन्हा एकदा बदलावे.

काढलेले तेल गटारात ओतू नये. ठाण्यातील आणि नवी मुंबईतील बरेच नाले ठाणे खाडीला मिळतात, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आलेल्या या खाडीत रोहित पक्षी उतरतात. ते डब्यात भरून वापरलेले तेल अधिकृतपणे घेणाऱ्याकडेच द्यावे.

चाचणी आधी रिकाम्या गाडीने ठाणे-बेलापूर रस्त्यासारख्या सपाट मार्गावर घ्यावी आणि मगच माल भरून चढ घ्यावा. इन्फ्रारेड तापमापक असल्यास दोन्ही वेळी गिअरबॉक्सच्या तळाशी एकाच ठिकाणी नोंद करावी. तेल सतत १२० अंश सेल्सियसच्या वर राहिले तर ते लवकर खराब होते, आणि बाहेरचे कवच आतल्या तेलापेक्षा थोडे थंडच असते. गाडी निवल्यावर पातळी पुन्हा तपासावी व पुठ्ठा पुन्हा अंथरावा. पुठ्ठा कोरडा राहूनही भरल्या गाडीत तापमान चढत असेल, तर क्लचची घसरण आणि बेअरिंगचा आवाज यांची तपासणी गॅरेजमध्ये करून घ्यावी.