कमी बजेटात गेमिंग पीसी: पार्ट्स कसे निवडाल?

पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा नाही, मॉनिटरचा. १०८०पी पडद्यासाठी (१९२०×१०८० पिक्सेलचा) कार्डाला दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, सुमारे २१ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १४४०पीसाठी (२५६०×१४४०) सुमारे ३७ लाख. हात आखडता असेल तर १०८०पी ठरवून टाका. पुढचं सगळं त्यामुळे स्वस्तात बसतं.

मग कार्ड. बजेटचा सर्वांत मोठा वाटा, तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच, इथे जाऊ द्या. ८ जीबीपेक्षा कमी मेमरीचं नवं कार्ड घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ४ जीबीत नव्या गेम्सची टेक्स्चर्स (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) मावत नाहीत आणि खेळ अडखळतो. नुसत्या नावावरही जाऊ नका. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० हे ८ आणि ६ जीबी अशा दोन रूपांत आलं. ६ जीबीवाल्यात मेमरीच नव्हे, कोअरही (हिशेब करणारे भाग) कमी आहेत. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मिळते, पण मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर ते बरंच मागे पडतं.

प्रोसेसर ६ कोअर, १२ थ्रेडचा (एकाच वेळी १२ कामं हाताळणारा) पुरतो: रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५ १२४००एफ. या दोघांतही अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड येईपर्यंत पडदा काळाच राहणार.

मदरबोर्ड घेताना सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) आणि रॅम जुळवून पाहा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (रायझन ५ ५६०० याचाच) फक्त डीडीआर४ रॅम चालते, नव्या एएम५ वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० चे (१२४००एफ याचा) बोर्ड बहुतेक दोन्हींपैकी एका प्रकारचे असतात. एएम४ स्वस्त पडतं, मात्र पुढे अपग्रेडला फारशी वाट उरत नाही.

रॅम १६ जीबी, तीही ८-८ च्या दोन स्टिक. एकाच स्टिकवर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन वाटांनी एकदम डेटा नेण्याचा वेग, मिळत नाही. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमचा जाहीर वेग लावणारी सेटिंग चालू करा, नाहीतर पैसे मोजलेला वेग मिळतच नाही.

साठवणीला एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावर थेट बसणारी वेगवान डिस्क), शक्यतो १ टीबी. कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा असावा. काचेमागे पंखे गुदमरतात.

आता पॉवर सप्लाय, म्हणजेच एसएमपीएस. लोक नेमके इथेच पैसे वाचवतात, आणि याचंच मला वाईट वाटतं. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा, नाव-गाव नसलेला एसएमपीएस बिघडला तर बोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतल्या सुरक्षेची हमी देत नाही. आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॅटचं, रायझन ५ ५६०० चा टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅटचा. चांगल्या कंपनीचा, लांब वॉरंटीचा ५५० वॅट सहज पुरेल. कार्ड सेकंड-हँड चालेल, अर्धा तास गेम चालवून तपासा. पॉवर सप्लाय मात्र नवाच घ्या.

जोडणी झाली की मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आकडा स्वतः निवडा. बऱ्याचदा तो ६० वरच राहिलेला असतो.